दहा मावळ्यांतला एक

अंगणातला किल्ला बांधून झाला, अळीव उगवून डोंगर हिरवा झाला आणि मुलांनी माळ्यावरच्या खोक्यातले मावळे काढून तटावर उभे केले, की एक काम करा. ते मावळे जरा निरखून पाहा. कुणाच्या हाती ढाल-तलवार, कुणाच्या हाती भाला, एखाद्याच्या खांद्यावर बंदूक. तुतारीवाला असतो, जात्यावर दळणारी बाई असते, गुहेच्या तोंडाशी वाघ असतो. एका चिरंजीवांनी तर पायथ्याशी एस. टी. उभी केलेली मी पाहिली आहे! पण तीरकमठा घेतलेला मावळा? गेल्या दिवाळीत साताऱ्याच्या एकाच आळीतले पाच किल्ले मी फिरून पाहिले. धनुर्धारी म्हणून एकही सापडला नाही.

वास्तविक दर दहांत एक हवा होता. हा हिशेब माझा नव्हे, ग्रँट डफचा. हे साहेब 1818 पासून 1822 पर्यंत साताऱ्यास कंपनी सरकारचे अधिकारी होते. इथल्याच दफ्तरांतून आणि माणसांकडून त्यांनी माहिती जमवली आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्या इतिहासावर आपल्याकडे पुष्कळ टीका झाली. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी तर विद्यार्थिदशेतच त्यातली व्यंगे दाखवून दिली, आणि ते योग्यच झाले. पण शिवाजीमहाराजांच्या पायदळाचे वर्णन करताना डफसाहेब एक बारीकशी गोष्ट सांगून जातात. दर दहावा माणूस बंदुकीऐवजी तीरकमठा बाळगी, आणि रात्रीच्या छाप्यात, बंदुका वाजवायच्या नसत तेव्हा, त्याचा उपयोग होई.

आता विचार करा. त्या वेळची बंदूक तोड्याची. म्हणजे धुमसता दोर हाताशी ठेवायचा. अंधारात त्याची ठिणगी दिसणार, वारा फिरला तर वास जाणार, आणि एक बार निघाला की सारा गड जागा होणार. बाणाचे तसे नाही. तो सुटला हे ज्याला लागतो त्यालाच कळते, आणि तेही उशिरा. नऊ जणांच्या बंदुका गप्प ठेवायच्या तर दहावा माणूस बरोबर हवाच.

मग या दहाव्या माणसाचे बाण गेले कुठे? तलवारी पाहा. घराघरांतून आहेत, दसऱ्याला बाहेर निघतात, हळदकुंकू लावून घेतात, पुन्हा खुंटीवर जातात. जुलै 2024 मध्ये लंडनच्या संग्रहालयातून साताऱ्यास वाघनखे आली, तेव्हा ती पाहायला लोक लोटले. इतकी जपणूक करणाऱ्या मुलखात बाणाला कुणी जपले नाही, याचे कारण बाणाच्या स्वभावातच आहे. तलवार बापाकडून मुलाकडे येते. बाण ज्याच्याकडे जातो त्याच्याकडून परत मागता येत नाही. शिवाय तो काठीचा आणि पिसांचा. सह्याद्रीच्या पावसाने कुजला, वाळवीने खाल्ला, आणि एवढ्यातूनही उरला तो कुणा आजीबाईंनी बंब पेटवायला घेतला असेल. लोखंडी फाळ तेवढा मागे राहतो, आणि फाळ म्हणजे काही बाण नव्हे.

जगात जुने बाण सापडले आहेत ते बहुधा अपघाताच्या कृपेने. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ नावाचे जहाज 1545 मध्ये बुडाले. ते 1982 मध्ये वर काढण्यात आले, आणि समुद्राच्या गाळात गाडल्या गेलेल्या त्या जहाजातून हजारो बाण मिळाले. बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे. त्याहून विलक्षण गोष्ट आल्प्स पर्वताची. 1991 मध्ये तिथल्या बर्फात पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे शव सापडले. त्याच्या भात्यात चौदा बाण होते. त्यांतले पुरे झालेले दोनच, आणि तेही मोडलेले. बाकीचे बारा नुसत्या तासलेल्या काड्या. बिचारा करीत होता, करता करता राहिला. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या बाजूला असे काही बुडालेही नाही आणि गोठलेही नाही.

या सदराच्या वाचकांना छांदिष्ट माणसे नवी नाहीत. आज ज्यांची गाठ घालून द्यायची आहे ते सांगलीचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे. तेव्हा ‘मास्तर’ एवढेच म्हणू. त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर पंचवीस-तीस बाण खिळ्यांवर आडवे टांगलेले आहेत. सातपुड्यातल्या भिल्लांचे लोखंडी पात्याचे आहेत, पाखरासाठी केलेले बोथट लाकडी टोकाचे आहेत. खाली एक भिल्ली कमठाही आहे, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कातेची. आणि मधोमध दोन खिळे मोकळे.

“हे कुणासाठी?” मी विचारले.

“तुमच्या त्या दहाव्या मावळ्यासाठी,” मास्तर म्हणाले. “वीस वर्षे शोधतोय. फाळ तीन मिळाले. काठी नाही. शेवटी म्हटलं, मिळत नाही ना, मग करून बघू.”

तेव्हा मास्तर संग्राहकाचे कारागीर झाले ते असे. आणि करायला बसल्यावर त्यांना कळले, की सुतारकामात सोपी दिसणारी आणि हातात धरली की नाकी नऊ आणणारी जर कोणती वस्तू असेल, तर ती बाणाची दांडी.

मुळात आपल्या देशात बाण बहुतकरून तासलेल्या लाकडाचा नसेच. ‘शर’ या शब्दाचा अर्थच मुळी बोरूसारखे एक उंच गवत. त्या गवताच्या कांडीचा बाण होई म्हणून बाणाचे नाव शर. हे गवत आणि आपला ऊस जवळचे भाऊबंद आहेत. उसाला दिवाळीच्या सुमारास तुरा येऊ लागतो. शेतकऱ्याला तो नको असतो, कारण उसाची वाढ थांबते आणि पुढे आत दशी पडते. पण त्या तुऱ्याची दांडी पाहिलीत? हातभर, सरळ, मध्ये पेर नाही, वजन नाही. इंग्रज मळेवाल्यांनी उसाच्या तुऱ्याला नाव दिले ‘ॲरो’, म्हणजे बाण! आपल्याकडच्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही. कामटीचे धनुष्य आणि तुऱ्याचा बाण ही कृष्णाकाठच्या शिवारातली जोडी फार जुनी आहे. मास्तरांचे पहिले बाण तुऱ्याचेच होते. दांडी हलकी, म्हणून पुढे बोटभर बाभळीचा तुकडा सरसाने बसवायचा आणि वरून दोरा घट्ट आवळायचा. पण तुरा चार-दोनदा आपटला की चिरतो. मग मास्तर कोकणातल्या माणग्याकडे वळले. हा भरीव बांबू. याच्या काठ्या सर्रास लोक वापरतात.

काठी तोडायची ती थंडीत, आणि सहा महिने सावलीत वाळवायची. उन्हात ठेवाल तर तडकते. मग विस्तवावर धरून गरम करायची आणि वाक असेल तिथे हळूच उलटा दाब द्यायचा. हा विस्तव म्हणजे स्वयंपाकघरातली शेगडी.

“अहो, भाकऱ्या भाजू का तुमच्या काठ्या?” आतून आवाज आला.

“झालं, झालं. दोनच राहिल्यात.”

“सकाळपासून दोनच राहिल्यात,” काकू मला चहा देताना म्हणाल्या.

पेरे तासून सपाट करायचे, दांडीला तेल चोळायचे, मग पिसे. जुन्या ग्रंथांतून बाणांना गिधाडाची पिसे लावल्याची वर्णने आहेत. आज गिधाडे उरली आहेत कुठे? जनावरांना देण्याच्या एका वेदनाशामक औषधाने त्यांचा निर्वंश होत आला; 2006 मध्ये त्या औषधाच्या जनावरांवरील वापराला बंदी झाली तेव्हा फार थोडी शिल्लक होती. मोराच्या पंखांची पिसे काढणे हा 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. मास्तर एका पोल्ट्रीवाल्याकडून टर्कीची पिसे आणतात. एका बाणाला तीन, आणि तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डाव्या पंखाच्या पिसाची वळण एक, उजव्याची दुसरी. मिसळली तर बाण धड इकडे फिरत नाही, धड तिकडे. पिसाचे काम एवढेच, की शेपटाला हवेचा अडसर करून टोक पुढे ठेवायचे. दिवाळीत आपण बाटलीत उभा करून जो बाण उडवतो, त्याच्या लांब काडीचेही काम तेच. काडी मोडून बाण पेटवला तर तो शेजाऱ्यांच्या गॅलरीत जातो, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि त्या फटाक्याला आपण मराठीत ‘बाण’ म्हणतो तेही उगीच नव्हे. पेशवाईतल्या कागदांत लढाईचे ‘बाण’ येतात तेव्हा पुष्कळदा ते हेच असतात, बांबूच्या काठीला बांधलेल्या लोखंडी नळ्यांचे. वाचताना धनुष्य मनात आणले की घोटाळा होतो.

शेवटी लाख. ती आणि सरस मास्तर मिरजेहून, सतारमेकर गल्लीतून आणतात. तिथली हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. मिरजेची सतार-तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारे करणारी आणि त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले आणि त्यांनी तोच हात पंढरपूरकडच्या भोपळ्यावर फिरवला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले आणि तंबोरा कसा बोलला पाहिजे हे कारागिरांना रोज सांगणारा कान शेजारीच मिळाला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारवाल्यांना तंबोरा सापडला. तीरगरांना असे काही सापडले नाही.

हे सारे झाले तरी बाण झाला असे समजू नका. खरी मेख पुढेच आहे. धनुष्याच्या मधोमध मूठ असते आणि बाण तिच्या बगलेने जातो. म्हणजे नेम धरताना तो सरळ समोर नसून किंचित तिरका असतो. मग तो सरळ जातो कसा? 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत क्लॅरन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगाने चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने याचा छडा लावला. दोरी ढकलते तेव्हा बाण धनुकलीसारखा वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलटा वाकतो आणि मासळीसारखा वळवळत पुढे जाऊन मग सरळ होतो! म्हणून दांडीचा ताठरपणा धनुष्याच्या जोराला बेताचा हवा. फार ताठ असेल तर बाण एका बाजूला जातो, फार लवचीक असेल तर दुसऱ्या.

मास्तरांनी यासाठी एका फळीवर सव्वीस इंचांच्या अंतराने दोन खिळे ठोकले आहेत. त्यांवर दांडी ठेवायची, मध्ये किलोचे वजन टांगायचे आणि किती वाकते ते पट्टीवर पाहायचे. प्रत्येक दांडीवर पेन्सिलीने आकडा. “शंभर काठ्या तासा,” मास्तर म्हणतात, “एकसारख्या बारा निघाल्या तर देव पावला.” दोन वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचे असे बारा बाण जुळले, सगळे एकाच बेटाच्या माणग्याचे. त्यांतला एक त्या मोकळ्या खिळ्यांवर जायचा होता, बाकीचे काचेच्या पेटीत. पेटीची ऑर्डरही देऊन झाली होती.

इथे मास्तरांच्या नातीचा प्रवेश होतो. ती नववीत आहे, आणि सातारा-सांगलीच्या कितीतरी मुलींप्रमाणे तिलाही 2023 च्या ऑगस्टात वेड लागले. त्या महिन्याच्या 5 तारखेला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी, वय वर्षे सतरा, जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात पंधरा बाणांत दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण! पन्नास मीटरवरून, आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात. त्याच दिवशी पुरुषांत ओजस देवतळे पूर्ण दीडशे गुण घेऊन जिंकला. तो मूळचा नागपूरचा, पण तयार झाला साताऱ्यातच, अदितीचेच गुरू प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. त्यांचे मैदान उसाच्या शेतात आखलेले. दोन वर्षे आधी याच जिल्ह्याच्या फलटण तालुक्यातला प्रवीण जाधव हा शेतमजुराचा मुलगा टोकियो ऑलिंपिकला नेमबाजी करून आला होता, तीही धनुष्याचीच. डफसाहेबांचा दहावा माणूस दोनशे वर्षांनी असा पुन्हा दिसू लागला.

मात्र त्याचे हत्यार पार बदलले आहे. अदितीचे धनुष्य चाके आणि भिंग लावलेले. बाण कार्बनच्या नळीचा. यंत्र अशा नळ्या शंभर काढते आणि शंभरही एकसारख्या निघतात. अशा सरंजामाची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि नोकरदार बापाला रात्री झोप येत नाही. सुदैवाने दार एवढेच नाही. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. धनुष्य बांबू-लाकडाचे, बाणही त्याच जातीचे. अनेक मुले सुरुवात तिथूनच करतात. मास्तरांची नातही तिथेच होती. जिल्ह्याच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरले असताना तिची तक्रार सुरू झाली, की दुकानातून आणलेले बाण एक इकडे जातात, एक तिकडे.

मास्तरांनी ते बाण खिळ्यांवर ठेवून पाहिले. सहांचे आकडे सहा.

“आजोबा, तुमचे ते बारा आहेत ना?”

“ते तसले नव्हेत, बाळ.”

“तसलेच तर आहेत! तुम्हीच म्हणालात, एकसारखे.”

“एकसारखे आहेत, पण… ते ठेवायचे आहेत.”

“कशासाठी?”

मास्तरांना चटकन उत्तर सुचेना. हे मला त्यांनीच सांगितले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पोरगीला गुण मिळायचे ते मिळू देत. भिंतीला कोण गुण देतंय?” मास्तरांनी उठून सहा बाण काढून दिले. बाराही का दिले नाहीत, असे मी विचारले. “अहो, मी काय कर्ण आहे?” ते म्हणाले.

पहिल्याच रविवारी एक बाण दुसऱ्याच्या पाठीवर बसला आणि तो खाचेपासून उभा चिरला. तीरंदाजाला ही भूषणाची गोष्ट. नात तो फाटका बाण नाचवत घरी आली. आजोबांनी तो हातात घेतला, आकडा वाचला आणि ते गच्चीवर निघून गेले. पुढे आणखी एक टोकाशी मोडला. तिसरा लक्ष्याच्या वरून मागच्या उसात गेला. आडसाली ऊस, माणूस आत गेला तर दिसत नाही. बाण काय दिसणार? चाचणीत मुलगी पाचवी आली. निवड चौघींची होती. उरलेले तीन बाण तिने पुसून, तेल लावून परत आणून दिले, आणि आजोबांनी ते न बोलता तिच्याच कप्प्यात ठेवले.

माघात त्या उसाला तोड आली. बीडकडची टोळी होती. मास्तरांनी मुकादमाला सांगून ठेवले होते, की असा असा बाण मिळाला तर जपून ठेवा. मिळाला, पण मुकादमाला नव्हे, टोळीतल्या एका दहा वर्षांच्या पोराला. मास्तर रस्त्याकडेच्या त्या पालांपाशी पोचले तेव्हा पोरगा कामटीच्या धनुष्यावर तोच बाण लावून वाढ्यांच्या ढिगावर मारीत होता. एक पीस उसातच गळून पडले होते. त्या जागी त्याने कोंबडीचे पीस लावून दोऱ्याने बांधले होते. मास्तरांनी बाण उलटासुलटा करून पाहिला.

“हे पीस तू लावलंस?”

“व्हय. त्याबिगर त्यो कोलांट्या खायचा.”

“दोन्ही पिसं एकाच बाजूची पाहिजेत हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. आधी दुसरं लावलं हुतं, वाकडा जायचा.”

मास्तर बाण आणायला गेले होते. तो त्यांनी पोराकडेच ठेवला, माणसांच्या दिशेने रोखायचा नाही एवढी ताकीद देऊन, आणि बदल्यात त्याने केलेला एक मागून घेतला. तुऱ्याची दांडी, पुढे बाभळीचा काटा, मागे दोन पिसे. मी सांगलीला गेलो त्या दिवशी तो फळीच्या दोन खिळ्यांवर होता. किलोचे वजन त्याला झेपण्यासारखे नव्हते. मास्तर वाण्याकडून पावशेराचे माप मागून आणायला निघाले होते.